सूर घरचा, फीत परमुलखाची

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पश्चिम जर्मनीत, ऱ्हाइन नदीच्या डाव्या अंगाला, कोळशाच्या खाणींच्या मुलखात म्योर्स नावाचं एक लहानसं शहर होतं. जर्मनी पुढे एक झाली, शहर जागच्या जागी आहे. तिथं १९७२ पासून जॅझचा महोत्सव भरतो. १९७७ सालच्या महोत्सवात चार कृष्णवर्णीय अमेरिकन वादक मंचावर आले. चौघांच्या हातांत सॅक्सोफोन. मागे ड्रम नव्हते, बाजूला पियानो नव्हता, खर्ज सांभाळायला डबल बासही नव्हता. श्रोत्यांसमोर त्यांनी जे वाजवलं ते फितीवर उतरवून घेण्यात आलं आणि म्योर्सच्याच कंपनीनं त्याची तबकडी काढली. तिचं नाव ‘पॉइंट ऑफ नो रिटर्न’. ‘वर्ल्ड सॅक्सोफोन क्वार्टेट’ या चौकडीची ही पहिली तबकडी.

ज्या चौकडीचं नाव पुढे अमेरिकेच्या संगीताच्या इतिहासात आदरानं घेतलं गेलं, तिची पहिली तबकडी अमेरिकेत निघाली नाही, स्टुडिओतही तयार झाली नाही. ती जर्मनीतल्या एका चालू मैफलीत झाली. हा योगायोग असता तर त्याच्यावर बोलायला मी इथं बसलो नसतो. या जातीच्या संगीताचा, म्हणजे केवळ फुंकवाद्यांच्या, आयत्या वेळच्या उपजेवर चालणाऱ्या जॅझचा इतिहास तुम्ही शोधू लागलात, की पुन्हा पुन्हा परमुलखातल्या फितींपाशी येऊन थांबता. म्योर्स, झ्यूरिक, बर्लिन, पॅरिस, मिलान. वाजवणारे सेंट लुइसचे, टेक्ससचे, कॅलिफोर्नियाचे. जपणारे भलतेच.

सॅक्सोफोन आपल्याला तसा परका नाही. बर्मन पिता-पुत्रांच्या गाण्यांतून मनोहारी सिंगांनी तो घराघरांत नेला आणि बँडवाल्यांनी वरातींतून गल्लीबोळांत. अडोल्फ साक्स या बेल्जियन कारागिरानं १८४६ मध्ये पॅरिसला त्याचं पेटंट घेतलं. अंग पितळेचं, पण तोंडाशी बोरूची पातळ पट्टी. ती फुंकरीनं थरथरते आणि सूर निघतो. म्हणून त्याची भावकी क्लॅरिनेटशी. त्याचं कुटुंब मोठं आहे. बारीक आवाजाचा सोप्रानो, मग आल्टो, मग टेनर, आणि खर्जातला, गळ्यात अडकवला की मान वाकवणारा बॅरिटोन. 

जॅझमध्ये हे वाद्य एरवी पुढं उभं राहून बोलतं आणि ठेका धरायचं काम ड्रम-बासवाल्यांकडे असतं. आता ठेकाच काढून घेतला तर? आपल्या मैफलीतून तबलजी उठून गेला तर गवयाला लय स्वतःच्या अंगात धरावी लागेल. इथं चार जणांना ती मिळून धरायची आहे, आणि तीही श्वास घेत घेत. फुंकून वाजवायच्या वाद्यात वाक्य दमाइतकंच लांब असतं. एकाचा दम संपतो तिथं दुसऱ्यानं उचलायचं. गालात हवा साठवून नाकानं श्वास घेत सूर अखंड ठेवायची युक्तीही आहे. आपल्याकडे सनईमागे सूर धरणाऱ्याला ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण चौघांनी आपापले श्वास एकमेकांत गुंफायचे, ही गोष्ट वेगळी. तिला फार विश्वास लागतो.

हा विश्वास कुठून आला ते पाहायला मिसिसिपी नदीच्या काठी, सेंट लुइसला जावं लागतं. चौघांपैकी तिघांचं नातं त्या शहराशी. ज्युलियस हेम्फिल टेक्ससमधल्या फोर्ट वर्थचा, जन्म १९३८. ज्या ऑर्नेट कोलमननं १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’मध्ये ठरावीक स्वरसंगतींची चौकट मोडून खळबळ उडवली, तोही याच गावचा. हेम्फिल लष्कराच्या बँडमध्ये होता, आइक टर्नरच्या ताफ्याबरोबर काही काळ हिंडला आणि सेंट लुइसला स्थिरावला. ऑलिव्हर लेक १९४२ चा, अर्कान्सामध्ये जन्मलेला. हॅमिएट ब्लूएटचा जन्म १९४० चा, नदीपलीकडच्या ब्रुकलिन नावाच्या वस्तीतला. हे न्यूयॉर्कचं ब्रुकलिन नव्हे. गुलामीतून सुटलेल्या आणि पळून आलेल्या माणसांनी इलिनॉयच्या बाजूला वसवलेलं हे गाव. लोक त्याला लव्हजॉय म्हणत. ब्लूएट नौदलाच्या बँडमध्ये वाजवत असे. बॉस्टनला त्यानं ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदातल्या हॅरी कार्नीचा बॅरिटोन ऐकला आणि हेच आपलं वाद्य, असं ठरवलं.

तिघांच्या घडणीकडे जरा नीट बघा. चर्च, लष्करी बँड, नाचगाण्याचे ताफे. अव्हां गार्द म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पुस्तकांत बुडालेला, दाढीवाला, लोकांपासून तुटलेला कलावंत येतो. ही माणसं तशी नव्हती. लोकांना नाचवणं म्हणजे काय हे त्यांना पक्कं माहीत होतं आणि म्हणूनच ते कधी थांबवायचं, हेही.

१९६८ साली या मंडळींनी सेंट लुइसमध्ये ‘ब्लॅक आर्टिस्ट्स ग्रूप’ उभा केला. शिकागोत तीन वर्षं आधी अशीच संस्था निघाली होती, तिचा कित्ता समोर होता. पण सेंट लुइसवाल्यांनी वादकांबरोबर कवी, नट, नर्तक, चित्रकार असे सगळेच एका छपराखाली आणले. मुलांना शिकवायचं, नाटकं करायची, मैफली भरवायच्या. रॉकफेलर आणि डॅनफर्थ या प्रतिष्ठानांचं अनुदान मिळालं. के. कर्टिस लाइल हा कवी त्यांच्यातलाच. १९७१ मध्ये त्यानं एका आंधळ्या ब्लूज गायकावरची आपली दीर्घ कविता हेम्फिलच्या सॅक्सोफोनच्या साथीनं ध्वनिमुद्रित केली. मी स्वतः कविता लिहिणारा असल्यानं या जोडीकडे जरा जास्त ओढला जातो, ते सोडून देऊ. मुद्दा असा, की ती तबकडी काढायला कुणी कंपनी दारात उभी नव्हती. हेम्फिलनं ‘एम्बारी’ नावाची स्वतःची कंपनी काढली आणि ‘डोगॉन ए. डी.’ ही त्याची १९७२ ची गाजलेली तबकडीही आधी त्याच घरगुती शिक्क्यानं बाहेर आली.

अनुदान आटलं तशी संस्था विस्कटली. त्याच १९७२ साली सेंट लुइसमधली प्रुइट-आयगो ही कृष्णवर्णीयांची प्रचंड वसाहत सुरुंग लावून पाडायला सुरुवात झाली होती. शहराचा एकूण रंग काय होता ते त्यावरून कळावं. संस्थेतले पाच जण पॅरिसला निघून गेले: ऑलिव्हर लेक, कर्णेवाले बायकिडा कॅरल आणि फ्लॉइड लफ्लोर, ट्राँबोनवाला जोसेफ बोवी, आणि ड्रमवर बोबो शॉ. चार फुंकवाद्यं आणि एक तालवाद्य. १९७३ मध्ये पॅरिसमधल्या त्यांच्या मैफलीची एक तबकडी निघाली, तीही फार थोड्या प्रतींची. ती पुढं इतकी दुर्मीळ झाली, की संग्राहकांमध्ये तिच्याविषयी बोलणं जास्त आणि ऐकणं कमी. या पाच जणांकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर बहुतेक मंडळी न्यूयॉर्कला गोळा झाली. मॅनहॅटनच्या खालच्या भागात कारखाने बंद पडून मोकळे मजले स्वस्तात मिळत होते, तिथं वादक राहत आणि मैफली करत. सॅम रिव्हर्सच्या ‘स्टुडिओ रिव्हबी’मध्ये मे १९७६ ला झालेल्या मैफली मुद्रित झाल्या आणि ‘वाइल्डफ्लॉवर्स’ या नावानं त्यांच्या पाच तबकड्या निघाल्या. आपले चौघेही त्यांत वेगवेगळ्या जथ्यांतून हजर आहेत. चौघांतला चौथा, डेव्हिड मरी, तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा. जन्म १९५५, कॅलिफोर्नियाचा. बाकीच्यांपेक्षा तेरा ते सतरा वर्षांनी लहान.

गंमत अशी, की तिघं मोठे त्याआधीच एकदा चौकडीत बसून गेले होते. अँथनी ब्रॅक्स्टन या शिकागोच्या वादकानं १९७४ मध्ये न्यूयॉर्कला केलेल्या तबकडीत एक रचना फक्त चार सॅक्सोफोनसाठी ठेवली होती. वाजवणारे स्वतः ब्रॅक्स्टन, हेम्फिल, लेक आणि ब्लूएट. बी तिथं पडलं म्हणायचं. उगवलं ते न्यू ऑर्लिन्सला.

तिथल्या ‘सदर्न युनिव्हर्सिटी’त एडवर्ड जॉर्डन नावाचे शिक्षक होते. सगळे त्यांना किड जॉर्डन म्हणत. स्वतः कडवे मुक्तवादक, आणि तीसेक वर्षं त्या विद्यापीठात मुलांना शिकवणारे. २०२३ मध्ये ते वारले. १९७६ च्या अखेरीला त्यांनी लेक, हेम्फिल, ब्लूएट आणि मरी या चौघांना बोलावून घेतलं. जो प्रयोग न्यूयॉर्कच्या कुठल्या क्लबमालकाला सुचला नाही, तो एका मास्तरानं केला. ज्या शहराच्या अंत्ययात्रासुद्धा बँड लावून निघतात, तिथं निव्वळ फुंकवाद्यांची मैफल व्हावी हेही शोभणारंच. चौघांनी आधी स्वतःला ‘रिअल न्यूयॉर्क सॅक्सोफोन क्वार्टेट’ म्हणवून घेतलं. पण ‘न्यूयॉर्क सॅक्सोफोन क्वार्टेट’ नावाचा एक जथा आधीपासून होता, आणि ‘आम्हीच अस्सल’ असं सुचवणारं नाव त्याला कसं चालावं? नाव बदलावं लागलं. शहराचं नाव गेलं आणि त्या जागी जगाचं आलं. पुढच्याच वर्षी म्योर्स.

म्योर्सच का, या प्रश्नाचं उत्तर निम्मं अर्थकारणात आहे. मोठ्या अमेरिकन कंपन्यांचं लक्ष तेव्हा विजेवर चालणाऱ्या, रॉकच्या वळणाच्या जॅझकडे होतं; तिथं पैसा होता. ड्रम नसलेल्या चार सॅक्सोफोनांत कुणाला बाजार दिसावा? पश्चिम जर्मनीत मात्र सार्वजनिक प्रसारण संस्था जॅझच्या मैफली नेमानं ध्वनिमुद्रित करत होत्या आणि महोत्सवांमागं सार्वजनिक पैसा उभा राहत होता. मिलानमध्ये १९७५ साली ‘ब्लॅक सेंट’ ही छोटी कंपनी निघाली होती. थोड्याच काळात ती जोव्हानी बोनांद्रिनी या गृहस्थांकडे आली आणि त्यांनी अमेरिकेच्या या घर नसलेल्या वादकांना एक घर दिलं. दहा वर्षांच्या आत वर्ल्ड सॅक्सोफोन क्वार्टेटच्या पाच तबकड्या मिलानहून निघाल्या. डिसेंबर १९८५ मध्ये चौकडीची मैफल न्यूयॉर्कच्या ‘ब्रुकलिन अकॅडमी ऑफ म्युझिक’मध्ये झाली. म्हणजे राहत्या शहरात. तिची फीतसुद्धा तबकडी होऊन आली ती मिलानहूनच!

उरलेलं निम्मं उत्तर संगीतात आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

या चौकडीकडे लिहिलेल्या रचना होत्या. हेम्फिल तर फार बारकाईनं स्वरलेखन करणारा माणूस. पण कागदावर असतो तो सांगाडा. एका लिहिलेल्या तुकड्याकडून दुसऱ्याकडे जाताना मधली वाट मोकळी, तिथं कोण किती चालेल ते त्या रात्री ठरणार. गझल छापून आली की ती तीच राहते. मुशायऱ्यात शायर एक मिसरा तीनदा म्हणतो, दाद आली की थांबतो, नाही आली की पुढं सरकतो. यांच्या संगीताची खरी संहिता म्हणजे ती रात्र, आणि ती रात्र टिकली तर फितीवरच टिकणार. ध्वनिमुद्रण झालं नाही तर उरतो तो सांगाडा आणि ऐकलेल्या लोकांच्या आठवणी.

मुद्रणाच्या दृष्टीनंही हे विचित्र प्रकरण आहे. ड्रम असले की बारीकसारीक गोष्टी त्यांच्या गजरात झाकल्या जातात. इथं झाकायला काही नाही. कळ दाबल्याची टकटक ऐकू येते, श्वास ऐकू येतो, सभागृहाच्या भिंतींवरून परतलेला सूर ऐकू येतो. एखादा क्षणभर चुकला तर तेही. ‘पॉइंट ऑफ नो रिटर्न’ ऐकताना हे सारं कानांवर येतं. ती तबकडी खरबरीत आहे. काही जागी चौघं एकाच वेळी किंचाळतात आणि ऐकणारा थकतो, मीही थकतो. नव्यानं ऐकणाऱ्याच्या हाती मी ती आधी देणार नाही.

मी देईन ती झ्यूरिकची. ६ नोव्हेंबर १९८१ ला स्वित्झर्लंडमध्ये झालेली मैफल. सुरुवात ब्लूएटच्या ‘हॅटी वॉल’नं आणि शेवटही तिनंच. ही त्यांची प्रवेशाची आणि निरोपाची धून. बॅरिटोन खाली एक गुबगुबीत, घोटलेली आकृती फिरवत राहतो, आणि पहिल्या अर्ध्या मिनिटातच तुम्ही विसरता की इथं ड्रम नाहीत. तालाचा सगळा भार एका माणसाच्या फुप्फुसांवर आहे. वरचे तिघं आधी त्या आकृतीवर नीट बसतात, मग सुटतात. ब्लूएट या अवजड वाद्यातून पाच सप्तकांपर्यंत जाई, म्हणजे वाद्याची जी हद्द समजली जाते तिच्या खूप पलीकडे; खर्जातून उठून तो अचानक सोप्रानोच्या अंगणात जाऊन उभा राहतो तेव्हा झ्यूरिकचे श्रोते दाद देतात, आणि ती दादही फितीवर आहे.

त्याच मैफलीत हेम्फिलची ‘स्टेपिन्’ आहे. नावाप्रमाणेच चालीची रचना. खाली पावलं पडत राहतात, वर सूर एकमेकांवर चढत जातात, दाट होतात, कर्कश होतात, आणि पावलं मात्र थांबत नाहीत. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेनं जॅझच्या अभिजात नमुन्यांचा जो संग्रह काढला होता, त्याच्या १९८७ च्या सुधारित आवृत्तीत या रचनेला जागा मिळाली. लुई आर्मस्ट्राँग आणि ड्यूक एलिंग्टनच्या पंगतीला. दहा वर्षांपूर्वी ज्यांची पहिली तबकडी परदेशात काढावी लागली होती, ते आता देशाच्या अधिकृत वारशात जाऊन बसले.

मंचावर हे चौघं बहुधा काळ्या मेजवानीच्या पोशाखात, बो टाय लावून येत. त्यावर बरंच लिहिलं गेलंय. मला त्यात एक थट्टाही दिसते आणि एक हक्कही. ‘क्वार्टेट’ म्हटलं की युरोपला चार व्हायोलिनकुळातली वाद्यं आणि बेथोव्हन आठवतो. तुमची चौकडी ती, आमची ही, असं ते कपड्यांतून सांगत होते.

१९८६ मध्ये ‘नॉनसच’ या मोठ्या अमेरिकन कंपनीनं अखेर त्यांना जवळ केलं. एलिंग्टनच्या रचनांची तबकडी निघाली, खपली, नाव झालं. ती स्टुडिओतली आहे. गोड आहे, घासूनपुसून लख्ख आहे. पण झ्यूरिकच्या शेजारी ठेवली की तिच्यातली हवा जरा कमी वाटते. दशक संपता संपता हेम्फिल चौकडीतून बाहेर पडला, आणि त्याच्यामागून आलेल्या ‘मेटामॉर्फोसिस’मध्ये आफ्रिकन ढोल घेतले गेले. चांगले वाजलेत. पण ड्रमविना उभं राहण्याची ती ताठ मान त्यानंतर तशी दिसली नाही, असं मला वाटतं.

ब्लूएटनं मधल्या काळात आणखी एक घाट घातला होता. क्लॅरिनेट हे जॅझमधून जवळजवळ हद्दपार झालेलं वाद्य. त्यानं आठ क्लॅरिनेटवादक जमवले, लहानापासून खर्जातल्यापर्यंत सगळ्या मापांची क्लॅरिनेटं, आणि त्यांत पुन्हा किड जॉर्डन मास्तर. ‘क्लॅरिनेट फॅमिली’ची ही मैफल १९८४ मध्ये मुद्रित झाली. कुठं? बर्लिनला. आणि तबकडी? मिलान.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, हा कृष्णवर्णीय अमेरिकनांचाच प्रश्न असणार. बराचसा होताच. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘रोव्हा’ या चौकडीची गोष्ट थोडी निराळी आहे. रास्किन, ऑक्स, व्हॉइट आणि ॲकली या चार गोऱ्या वादकांच्या आडनावांची आद्याक्षरं जोडून केलेलं हे नाव. १९७८ मध्ये त्यांची पहिली मैफल झाली. यांचं संगीत जास्त कोरडं, जास्त हिशेबी. त्यांनी हातांच्या खुणांची एक भाषाच पुढं तयार केली, वाजवता वाजवता एकानं खूण करायची आणि इतरांनी वळण घ्यायचं. 

जून १९८३ मध्ये हे चौघं सोव्हिएत संघात गेले. काळ बघा. अफगाणिस्तानातल्या फौजांमुळे दोन देशांतला सांस्कृतिक देवाणघेवाणीचा करार खुंटला होता. मार्चमध्येच अध्यक्ष रेगन यांनी सोव्हिएत संघाला ‘दुष्ट साम्राज्य’ म्हटलं होतं. अशा वेळी चार माणसं सॅक्सोफोन घेऊन रशिया, लॅटव्हिया आणि रुमानियात वाजवून आली, आणि तिथं मुद्रित झालेल्या फितींचा अल्बम १९८५ मध्ये निघाला, ‘सॅक्सोफोन डिप्लोमसी’. काढला स्वित्झर्लंडच्या ‘हॅट हट’ कंपनीनं. त्यातल्या टाळ्या लक्ष देऊन ऐकाव्यात अशा आहेत. त्या सौजन्याच्या टाळ्या नाहीत. असं संगीत लपतछपत, परदेशी नभोवाणीवर ऐकणाऱ्या लोकांनी ते पहिल्यांदा डोळ्यांदेखत घडताना पाहिलं, त्याचा आवाज आहे तो.

उलट्या दिशेनंही फिती चालल्या होत्या. लंडनमध्ये बीबीसीच्या रशियन विभागात टोपणनावानं जॅझचा कार्यक्रम करणारे लिओ फायगिन सोव्हिएत वादकांच्या चोरून बाहेर आलेल्या फितींच्या तबकड्या काढत, आणि वेष्टनावर छापत, की या प्रकाशनाची कोणतीही जबाबदारी वादकांवर नाही. वादकाला वाचवण्यासाठी वादकालाच नाकारायचं! एका फितीपायी माणसाची नोकरी किंवा त्याहून जास्त काही जाऊ शकत होतं. अमेरिकेत तसा धोका नव्हता. तिथला धोका एवढाच, की कुणी फीत लावलीच नाही तर काही झालंच नव्हतं असं होऊन जाईल.

हेम्फिलच्या बाबतीत ते जवळजवळ झालं होतं. मधुमेहानं त्याला पोखरलं, पाय गेला, हृदयावर शस्त्रक्रिया झाली, आणि शेवटच्या काळात तो वाजवू शकत नव्हता. तरी सहा सॅक्सोफोनांचा जथा जमवून तो रचना करत राहिला. १९९३ च्या ‘फाइव्ह कॉर्ड स्टड’मध्ये सगळं त्याचं आहे, फक्त त्याची फुंकर नाही. तीही मिलानहूनच निघाली. २ एप्रिल १९९५ ला तो गेला. त्याचे कागद आणि फिती न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संग्रहात पोचल्या, मार्टी एर्लिक या त्याच्या तरुण सहकाऱ्यानं त्या वर्षानुवर्षं ऐकून, निवडून लावल्या, आणि २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘न्यू वर्ल्ड रेकॉर्ड्‌स’नं सात सीडींचा संच काढला. आधी न निघालेल्या मुद्रणांचा, १९७७ पासूनचा. माणूस जाऊन सव्वीस वर्षं झाली होती. उशीर झाला, पण या वेळी काम घरच्या घरी झालं. ब्लूएट २०१८ मध्ये गेला, तोवर हा संच निघालेला नव्हता.

आणि आता ते पॅरिसचे पाच जण. १९७२ च्या डिसेंबरात, सेंट लुइसहून येऊन त्यांना थोडेच दिवस झाले होते, तेव्हा फ्रेंच नभोवाणीनं त्यांची मैफल ध्वनिमुद्रित केली. तबकडी काढावी, विकावी असा त्यामागं विचार नव्हता. नभोवाणीचं रोजचं काम होतं: वादक आले, मैफल झाली, फीत डब्यात गेली, डब्यावर चिठ्ठी लागली, डबा फडताळात. ‘ब्लॅक आर्टिस्ट्स ग्रूप’ची घरची संस्था तेव्हा मोडत होती. पॅरिसमधली ती फीत बावन्न वर्षं शाबूत राहिली, आणि २०२५ साली ‘फॉर पीस अँड लिबर्टी’ या नावानं लोकांपुढं आली. बोबो शॉ २०१७ मध्येच गेला होता. फितीवर तो ड्रमवर बसलाय, समोर दोन कर्णे, ट्राँबोन आणि लेकचा सॅक्सोफोन आहे, आणि अमेरिकेहून नुकतेच आलेले हे पाच तरुण कोण, हे अजून ठाऊक नसलेले पॅरिसचे श्रोते टाळ्या वाजवताहेत.